अट क्रमांक सात

बलदियाच्या खिडकीवर मी अर्ज सरकवला.
तात्पुरता कार्यक्रम, एक रात्र,
हॉटेलच्या मागची हिरवळ.
प्रकाराच्या रकान्यात लग्न, प्रदर्शन, मैफल, इतर.
मी 'इतर'वर खूण केली
आणि पुढच्या रेघेवर लिहिलं : दूध पिण्याचा सण.

खिडकीतल्या मुलीनं मान वर केली.
दूध? मग बारचा परवाना कशाला?
म्हटलं, दूध रात्री बाराला असतं.
त्याआधी चार तास असतात.

कोजागरीला इतके कागद लागतात
हे मंडळाच्या पोतनीसांना दरवर्षी नव्यानं कळतं.
गायिकेच्या पासपोर्टची प्रत, ढोलकीवाल्याची,
गाणी नऊ, प्रत्येकाचा अर्थ अरबीत.
'चांदणं' या शब्दाशी टायपिंग सेंटरचा बिजू अडला.
त्यानं 'चंद्राचा दिवा' लिहिलं.
पास झालं.

सहाला खलफान आला, पालिकेचा निरीक्षक,
पांढऱ्या कंदुऱ्याच्या खिशात मोजायची फीत.
आग विझवायचं नळकांडं पाहिलं,
बाटल्या मोजल्या, आकडा माझ्याकडून वदवून घेतला.
मग अट सात.
कुटुंबांच्या खुर्च्यांतून बार दिसता कामा नये.
पडदा, आठ मीटर, अपारदर्शक.

मांडववाल्यानं मच्छरदाणीसारखी जाळी पाठवली होती.
खलफाननं जाळीमागे पंजा धरला
आणि मला विचारलं, किती बोटं?
पाच, मी म्हणालो.
खोटं बोलायचं सुचलंच नाही.

या गावाच्या नावातच तंबू आहे, रास अल खैमा,
आणि सबंध गावात तासाभरात
आठ मीटर जाड कापड मिळेना.
पोतनीस फोन कानाला लावून
खुर्च्यांमधून नुसते येरझारा घालत होते.

मी घरी फोन केला.
वसुधा पंधरा मिनिटांत आली,
हातात लुलूची पिशवी.
पिशवीत तिचं लग्नातलं नऊवारी इरकल, हिरवं, लाल काठाचं.
अकरा वर्षं कपाटात
डांबराच्या गोळ्यांबरोबर राहिलेलं.
इथे ते नेसून जायचं कुठे, असं ती म्हणायची.

आम्ही ते खांबांना प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलं.
खलफाननं फीत लावली.
आठ मीटर बावीस.
मागे पंजा धरला. किती?
दिसत नाही.
त्यानं सही केली.

मग रात्रभर लुगड्याच्या मागे बर्फ वाजत होता
आणि पुढे पोरं धावत होती.
गायिका छान गायली असं सगळे म्हणाले.
मी ऐकलं नाही, मी घड्याळ बघत होतो.
वसुधा तिसऱ्या रांगेत, तोंड मंचाकडे नाही.
काठ उलटा लागलाय, एवढंच बोलली.

बाराला बार बंद.
उरलेल्या बाटल्या परत मोजल्या, खोक्यांना मोहोर.
डोंगरावरचा चंद्र सरकून डोक्यावर आला होता.
खलफान कागदी पेल्यात दूध घेऊन उभा.
हुंगून म्हणाला, हेल.
हो, वेलची.
आमच्याकडे कॉफीत, तो म्हणाला, आणि दुसरा पेला घेतला.

पट्ट्या कापल्या.
नऊवार एकट्याला घडी घालता येत नाही.
मी एक टोक धरलं, इकडेतिकडे पाहिलं,
तर दुसरं टोक त्यानं आधीच उचललं होतं,
फीत धरतात तसं, अंगठ्यानं दाबून.
मधे या, मी म्हटलं.
तो आला. टोकाला टोक. मागे गेला. परत आला.
एका कोपऱ्याला बिअरचा वास येत होता,
दोघांनाही आला,
दोघांनीही तो कोपरा आत दुमडला.

तिसऱ्या घडीला वसुधानं आमच्या हातातून काढून घेतलं,
झटकलं, पहिल्यापासून सुरू केलं.

खलफाननं गाडीच्या बॉनेटवर फाइल उघडली.
अट सातसमोर खूण.
शेरा : पडदा उतरवला, बारा चाळीस.
मग पेन थांबवून विचारलं,
या कापडाला काय म्हणता तुम्ही?
मी सांगितलं.
त्यानं ते अरबीत लिहिलं. ळ तिथे नाही,
मग जे झालं ते झालं.